आत्याची तीन लग्नं

प्रिय द्वारकाआत्या,

परवा मी तुझी तीन लग्नं मोडली. तीही कंपनीच्या बसमध्ये बसून, मोबाइलवर, चाकण यायच्या आत! तू असतीस तर पदर तोंडाला लावून खुदुखुदू हसली असतीस. पण तू नाहीस, आणि हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून लिहायला बसले.

नीट सांगते. मी कंपनीत क्वालिटीला आहे, आलेला पार्ट बरा की बाद ते बघते, हे तुला ठाऊकच होतं. सुट्टीच्या दिवशी मात्र मी इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशाचं काम करते. लोक तिथे लेख लिहितात, आम्ही काही जण ते तपासतो, चुका काढतो, सुधारतो. "म्हणजे सुट्टीतही लोकांचा माल रिजेक्ट करतेस!" असं तू एकदा म्हणाली होतीस. किती चिडले होते मी तेव्हा!

तू गेल्यावर काही आठवड्यांनी रंगभूमीवरच्या स्त्रियांची चरित्रं माझ्याकडे तपासायला आली. त्यात एक नाव होतं द्वारका ओव्हाळ. कासारवाडीच्या, कामगार रंगभूमीवरच्या अभिनेत्री. आत्या, तू ज्ञानकोशात! मी अशी काही ओरडले की आईला वाटलं गॅसवर दूध उतू गेलं.

मग वाचायला लागले. "त्यांचा पहिला विवाह श्री. पडवळ यांच्याशी झाला. पुढे त्यांनी श्री. जगताप आणि त्यानंतर श्री. शेख यांच्याशी विवाह केला." अगं काय हे! आजोबांनी आणलेलं एकेक स्थळ जिने चहा पाजून वाटेला लावलं, बालवाडीतली पोरं हीच माझी पोरं म्हणत जिने आयुष्य काढलं, तिला एका परिच्छेदात तीन नवरे!

लिहिणाऱ्या मुलीला बोल लावू नकोस. चिंचवडला कॉलेजात शिकते, मनापासून काम करते. तू गेल्याची बातमी फोटोसकट आली होती, तोच चेहरा तिला जुन्या नाट्यस्पर्धांच्या फोटोंत सापडला. कंपन्या वेगळ्या, नाटकं वेगळी, चेहरा एकच. आणि फोटोखाली कुठे सौ. पडवळ, कुठे सौ. जगताप, कुठे सौ. शेख. तिने आपल्या परीने संगती लावली. इथली रीत तिला कोण सांगणार?

मलाही बाबांनीच सांगितली. कामगारांच्या स्पर्धेत काम करायचं ते कामगारांनी नाहीतर त्यांच्या घरच्यांनी, असा नियम होता. कंपनीत सगळे बाप्ये. घरच्या बाईला स्टेजवर पाठवायची कुणाची छाती नाही. मग तुझ्याकडे यायचं, "बाई, तेवढं नाटक सांभाळून घ्या," म्हणायचं आणि प्रवेशिकेवर तुला कुणाची तरी बायको करून टाकायचं! सगळ्यांना ठाऊक, आणि कुणी बोलायचं नाही. आपल्याच कासारवाडीतल्या लोकांनी यावरून तुझ्याबद्दल काय काय कुजबूज केली असेल! तुला लागलं नाही का गं कधी? की तेही तू रंग पुसावा तसं पुसून टाकायचीस?

मी तुला स्टेजवर एकदाच पाहिलं. तुझ्या त्या पहिल्या 'नवऱ्याच्या', म्हणजे पडवळ काकांच्या कंपनीचं नाटक होतं, मी बाबांच्या शेजारी पुढच्या रांगेत. कारखान्यात अपघात होतो, आणि नवऱ्याचा डबा तसाच भरलेला घरी परत येतो. तुला त्या प्रसंगात एक वाक्य नव्हतं. तू डबा उघडलास. भाकरी चाचपून पाहिलीस. आणि मांडी घालून, सावकाश, ती खायला लागलीस. बस, एवढंच! माझ्या मागे पहिली शिफ्ट करून आलेली, ग्रीसचा वास मारणारी माणसं बसली होती. त्यातला एक जण तोंडात रुमाल कोंबून रडत होता. मी तुझ्याकडे बघत होते आणि मला तू ओळखू येईनास. घरी आल्यावर तू मला जेवायला वाढायला लागलीस, तर मी घाबरून आईच्या मागे लपले होते. आजही तो प्रसंग आठवला की अंगावर सर्रकन काटा येतो. एवढं मोठं काहीतरी आपल्या घरात भांडी घासत होतं, पोरांची नाकं पुसत होतं, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता!

पण हे ज्ञानकोशात लिहिता येत नाही. तिथे "थोर" चालत नाही, "अंगावर काटा आणणारा" तर मुळीच नाही. त्या मुलीने बिचारीने तुला "अलौकिक" म्हटलं होतं, ते मी माझ्या हाताने काढलं. नियम म्हणजे नियम. मग मी तुझी भाची आहे हे लेखाच्या चर्चापानावर उघड करून लग्नांचा परिच्छेद चुकीचा असल्याचं लिहिलं. दुसऱ्या एका तपासनिसाचं उत्तर आलं, "आपण नातेवाईक आहात. छापील संदर्भ द्यावा." त्याचं काही चुकलं नव्हतं, मीही हेच म्हटलं असतं. तरी राग आलाच!

आणि खरं सांगू? लग्नांपेक्षा मला खाली "पुरस्कार" समोरची रिकामी जागा जास्त टोचत होती. त्या डब्याच्या नाटकाला उत्कृष्ट अभिनेत्रीचं पहिलं बक्षीस होतं. ते मिळालं होतं सौ. शालन पडवळ यांना. म्हणजे तुलाच! पण तसं म्हणणार कोण?

म्हणून मी चाकणजवळ पडवळ काकांच्या गावी गेले. आता त्यांचं शेत राहिलेलं नाही, तिथे कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या आहेत. आत गेल्या गेल्या भिंतीवर नजर गेली. देवांच्या फोटोंच्या ओळीत चौकटीत बसवलेलं तुझं प्रमाणपत्र, आणि त्यावर शालन काकूंचं नाव.

काकांना सगळं सांगितलं. तू म्हणजे त्यांच्या नाटकांचा जीव होतीस, पण ते खाली मान घालून बसले. म्हणाले, "पोरी, नियम मोडून स्पर्धेची ढाल मिळवली असं छापून आलं, तर काय इज्जत ऱ्हाईल? निम्मी टीम वर गेली. त्यांच्या तोंडाला आता काळं फासू व्हय?"

मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात काकू हात पुसत बाहेर आल्या. "तुमी बसा गप," त्या काकांना म्हणाल्या. "ढाल तुमची. पर ह्यो कागूद माझ्या नावाचा हाय. त्याचं काय करायचं ते म्या ठरविणार."

मग त्यांनी जे सांगितलं ते तू आम्हाला का सांगितलं नाहीस? निकालात, पेपरात नाव आलं म्हणून सासूने त्यांना महिनाभर धारेवर धरलं होतं. "जन्मात तोंडाला रंग लावला न्हाई, अन् शिव्या मातुर नटीच्या खाल्ल्या!" बक्षीस समारंभाला त्या तान्ह्या मुलीला घेऊन मागे बसल्या होत्या. नाव पुकारलं त्यांचं, स्टेजवर गेलीस तू. खाली उतरलीस, तडक त्यांच्यापाशी आलीस आणि प्रमाणपत्र त्यांच्या मांडीवर ठेवलंस. "वहिनी, बोलणी तुम्ही खाल्ली. हे तुमच्याच घरी राहू द्या."

"त्या कागदानं सासू गप झाली," काकू म्हणाल्या. "साहेबाची सही व्हती ना! गावात मान वाढला माझा. हळदीकुंकवाला मला पैलं बोलवाय लागले. नातवंडं मित्रांना दावत्यात, आमची आजी नाटकात व्हती म्हून. म्या बी कंदी न्हाई म्हनलं न्हाई." एवढं बोलून त्या प्रमाणपत्राकडे बघत राहिल्या. मला काही मागायची हिंमत होईना. कशी मागणार? तू ते त्यांना देऊन टाकलं होतंस!

तुझी आदरांजली सभा त्यानंतरच्या रविवारी होती, संत तुकाराम नगरच्या सभागृहात. बालवाडीतून मोठी झालेली तुझी पोरं आली होती, जुने नाटकवाले काठ्या टेकत आले होते. सगळे जयभीम म्हणत तुझ्या फोटोला फुलं वाहत होते. भाषणं चालू असताना मागच्या बाजूने शालन काकू आल्या. नातवंडं बरोबर होती. काखेत पिशवी होती. कुणी बोलवायच्या आत त्या स्टेजच्या पायऱ्या चढल्या आणि माइकसमोर उभ्या राहिल्या.

"म्या शालन पडवळ," त्या म्हणाल्या. "मला नाटकाचं बक्षीस हाय असं समद्यांना वाटतं. ते खोटं हाय. म्या कंदीच नाटकात न्हवते. ते काम ह्या बाईचं हाय, बक्षीस बी तिचंच. तिला नवरा न्हवता. आमच्या मानसांनी तिला आमची नावं चिकटवली, अन् लोकांची बोलनी मातुर तिनं ऐकली." पिशवीतून चौकट काढून त्यांनी तुझ्या फोटोसमोर ठेवली.

मग पडवळ काका खुर्चीतून उठले, स्टेजवर गेले आणि काकूंच्या शेजारी उभे राहिले. म्हणाले, "ती बोलली ते खरं हाय. अर्ज मीच भरला व्हता." जगताप काका उठले. शेख चाचा बसल्या जागेवरून हात वर करून म्हणाले, "आमचंबी तसंच." आत्या, तुझे तिन्ही नवरे एका सभागृहात कबुलीजबाब देत होते आणि मी हसत होते, रडत होते! तुझ्यापुढे मी नेहमीच लहान होते. त्या दिवशी काकूंपुढेही झाले. नातवंडांच्या डोळ्यांदेखत स्वतःचा मान असा उतरवून ठेवायचा, याला काय म्हणतात, मला सांगता येत नाही.

इथल्या साप्ताहिकाने ते सगळं छापलं, फोटोसकट. तोच माझा संदर्भ. परवा बसमध्ये मी तीन विवाह काढले आणि "अविवाहित" लिहिलं. पुरस्कारांसमोर लिहिलं, "उत्कृष्ट अभिनेत्री, प्रथम पारितोषिक, सौ. शालन पडवळ या नावाने."

संध्याकाळी त्याच तपासनिसाचा निरोप आला. लेख उत्तम झाला आहे, फक्त पुरस्काराच्या ओळीतले शेवटचे शब्द अनावश्यक आहेत, काढावेत. मी नाही काढले. काकूंना फोन करून ती ओळ वाचून दाखवली. त्यांनी हळूच विचारलं, "माझं नाव ऱ्हाऊ दिलंस व्हय गं?"

राहू दिलं, आत्या. मी आहे तोवर ते कुणाला पुसू देणार नाही, हा माझा तुला शब्द.

तुझी भाची,
प्रज्ञा