कवटीच्या आतल्या बाजूला

२ जुलै, चिंचवड

माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा, वैशालीचा, शोधनिबंध आला. नियतकालिकाने तो स्वीकारला असून महिनाअखेर छापणार आहेत. विषय माझाच जुना: समुद्रपक्ष्यांच्या मेंदूतील पीनियल ग्रंथीची रचना. पक्षी सहा, सगळे शिअरवॉटर. हे भर समुद्रावर राहणारे पक्षी, वादळाने कोकणच्या किनाऱ्यावर आणून टाकलेले, वनखात्याच्या परवानगीने उचललेले. इथवर आक्षेप नाही.

चौथे पान: "सहाही पक्ष्यांत ग्रंथी आढळली नाही. सबब या जातीत पीनियल ग्रंथी नसते."

सबब! किती सहज लिहिला आहे तो शब्द.

लेखकांत दुसरे नाव माझे. मला न विचारता. निवृत्त गुरूचे नाव आदराने घालण्याची आमच्या महाविद्यालयातली रीत. सत्काराला हार घालतात, तसे नाव घालतात. हार निदान उतरवून ठेवता येतो.

५ जुलै

वै. वडिलांना घेऊन पेढे द्यायला आली. एकोणिसाव्या तारखेला कायम जागेची मुलाखत आहे. हा निबंध तिच्या अर्जाचा कणा. नऊ वर्षे तासिकांवर शिकवते आहे.

तिचे वडील बबनराव महाळुंग्याचे, तिथल्याच लोखंड ठोकून घडवणाऱ्या फोर्जिंगच्या कारखान्यात प्रेसवर. खुर्चीच्या कडेवर बसले. "बाई, तुमचं नाव पयलं टाकाया पायजे व्हतं. म्या म्हनलं हिला."

"दुसरेही नको होते."

ते हसले. त्यांना तो विनय वाटला.

मी वै.ला विचारले, कवटी कशी उघडलीस? "नेहमीसारखीच, मॅडम. कडेने कापलं आणि कवटीची टोपी सरळ वर उचलली."

"टोपीची आतली बाजू पाहिलीस?"

"हाडात काय बघायचं? मेंदू होता ना समोर."

मेंदूच्या दोन गोलार्धांच्या आणि मागच्या लहान मेंदूच्या मधल्या खाचेत ही ग्रंथी उभी असते. देठ खाली बारीक. वरचे टोक मेंदूवरच्या जाड आवरणाला चिकटलेले, आणि ते आवरण हाडाला. टोपी सरळ उचलली की देठ तुटतो आणि ग्रंथी टोपीबरोबर निघून जाते. मागे राहते ती स्वच्छ, रिकामी खाच, जिच्याकडे पाहून कोणालाही "नाही" म्हणावेसे वाटेल.

पेढा तसाच बशीत राहिला.

८ जुलै

आमच्या कामगार वसाहतीच्या विहारात भन्ते आम्हा मुलांना वाद करायला शिकवत. पहिला धडा हाच होता. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणजे घडा नाही असे ठरत नाही. असता तर दिसलाच असता, हे आधी सिद्ध करा. मग "नाही" म्हणा. वडील दुसरी पाळी करून आलेले असत, तरी मागे बसून ऐकत. सातवी शिकलेल्या माणसाला ते कळत होते. इथे दोन परीक्षकांना आणि एका संपादकाला कळले नाही.

विभागप्रमुखांना फोन केला. तेही माझेच विद्यार्थी. "मॅडम, एका ओळीवर कुणाचं काय अडतंय? जागा कधी निघते का आता? पोरीचं होतंय तर होऊ द्या की."

मी म्हटले, त्या एका ओळीखेरीज निबंधात दुसरे आहे काय?

"तुम्ही अजून तशाच आहात," म्हणाले. हे कौतुक नव्हते.

१० जुलै

महाविद्यालयात गेले. भांडारातल्या खालच्या फळीवर, चोची आणि पंजे यांच्या बरणीत, सहाही टोप्या फडक्यात बांधलेल्या सापडल्या. वै. शेजारी उभी होती. पहिली टोपी चिमट्याने उलटी केली. आवरणाच्या मधोमध तांदळाच्या कणीएवढा करडा उंचवटा. वै.ने भिंग घेतले. बराच वेळ खाली ठेवले नाही.

"म्हणजे आहे."

"काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय तेही म्हणू नकोस."

मग ती म्हणाली, "मॅडम, निबंध मागे घ्यायचं पत्र वीस तारखेला पाठवू. दहा दिवसांचाच प्रश्न आहे." मी म्हटले, जे आज खोटे आहे हे तुला ठाऊक आहे, ते एकोणीस तारखेला समितीपुढे खरे म्हणून मांडणार? माझा आवाज चढला नव्हता. तो चढत नाही, हीच माझ्याविषयीची तक्रार असते.

तिचा मात्र चढला. "तुम्ही आम्हाला एकदा तरी बंद कवटी दिलीत का? आम्ही वर्गात यायच्या आधी तुम्ही सगळं उघडून, ग्रंथी जागेवर ठेवून, टाचण्या लावून तयार असायचात. आम्ही फक्त चित्रं काढली. उघडायचं कसं, हे मी कुठे शिकायचं होतं?"

मी निघाले. रिक्षात उत्तर सुचले: तिचे विधान खरे आहे, त्यावरून तिचा निष्कर्ष खरा ठरत नाही. उत्तर निर्दोष आहे. संताप तसूभरही उतरला नाही.

१५ जुलै

काप तयार झाले. सहापैकी चार टोप्यांत ग्रंथी. पेशींची गोल पुटके स्पष्ट, देठाचे तुटके टोकही दिसते. उरलेल्या दोन टोप्यांत काही नाही. तिथे नव्हती की बरणीत धुऊन गेली, हे मी सांगू शकत नाही, आणि सांगणार नाही.

संपादकांना पत्र लिहिले. निबंध थांबवायचा तर पत्रव्यवहार करणाऱ्या लेखिकेची, म्हणजे वै.ची, सही लागते. मी एकटी फक्त माझे नाव काढून घेऊ शकते. तसे केले तर मी स्वच्छ राहीन आणि खोटे वाक्य छापले जाईल. असली स्वच्छता माझ्या काय कामाची?

१६ जुलै

बबनराव एकटेच आले. दुसऱ्या पाळीला जायच्या आधी, अंगात कंपनीचा सदरा. पाणीही घेतले नाही.

"ती जेवत न्हाई, बाई. पर म्या त्यासाठी आलो न्हाई. येक इचारतो. आमच्यात तुकडा खराब निगाला की लाल पेटीत. टारगेट बोंबललं तरी चालतंय, पर त्यो तुकडा फुडं जात न्हाई. हिचा कागुद लाल पेटीतलाच हाय ना?"

"हो."

"मंग टाका. आमी रडनार न्हाई." उठले, दाराशी थांबले. "पर आमच्यात सायेब पयलं प्रेसवाल्याला धरत न्हाई. सहाच्या सहा तुकडे येकाच जागी खराब म्हनल्यावर पयलं सेटरला बोलावतो. डाय, म्हंजी साचा, कुनी लावला, म्हनतो. हितं सेटर कोन व्हता?"

त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"येतो. बस चुकंल."

मला वादात हरवणारी माणसे थोडी. त्यांतल्या एकालाही बस पकडायची घाई नव्हती.

वर्गात बंद कवटी का देत नव्हते? पक्षी दुर्मिळ, नमुने थोडे, मुले धसमुसळी. तीनही कारणे खरी. चौथे कारण: मला माझ्या हातासारखी सफाई दुसऱ्या कोणाच्या हातात बघवत नसे. हे मी आजवर कोठे लिहिले नव्हते.

पत्र फाडले. नवे लिहिले. निबंध मागे घ्यावा, हे तसेच. पुढे दोन वाक्ये: कवटी उघडण्याची पद्धत विद्यार्थ्यांना शिकवणे माझे काम होते. ते मी केले नाही.

१८ जुलै

पत्र घेऊन महाविद्यालयात गेले. माझी सही केलेली. वै.ने ते उभ्यानेच वाचले. शेवटच्या दोन वाक्यांपाशी थांबली.

"हे कशाला लिहिलंत? समिती म्हणेल, मॅडमनी पोरीला वाचवलं."

"समितीने काय म्हणावे, हे त्या पत्रात नाही."

"उद्या सकाळी अकराला मुलाखत आहे, मॅडम."

"ठाऊक आहे."

पत्र तिने टेबलावर ठेवले, वर भिंग ठेवले. सही केली नाही. फाडलेही नाही. मग फ्रीजरमधून या पावसाळ्यातला एक शिअरवॉटर काढला, न उघडलेला, आणि माझ्यासमोर ताटलीत ठेवला. रागाने ठेवला, ताटली वाजली. "दाखवा."

माझा हात करवतीकडे गेला. मागे घेतला. संपूर्ण आयुष्यात याहून अवघड मी काही केले असेल असे वाटत नाही. म्हटले, हाडाची मधली पट्टी तशीच ठेव. दोन्ही बाजूंनी काप. मग पट्टीखालून आवरण सोडव.

तिने करवत लावली. डावीकडचा छेद वाकडा गेला. मी पाहत होते आणि दातांवर दात दाबून बसले होते. तिच्यावर चिडून की माझ्यावर, हे त्या क्षणी वेगळे करता आले नाही.

अर्ध्या तासाने तिने पट्टीखाली सुरीचे पाते सरकवले आणि मान वर न करता विचारले, "उचलू?"

पत्रावरचे भिंग उचलून मी तिच्या हाताशी ठेवले आणि म्हटले, तूच बघून ठरव.