हौदात बुडालेलं घर

सौभाग्यवतीस अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे, खोकलाही कमी आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

सिनेमासाठी मी पातळ फळ्यांचं छोटं घर केलं होतं, हुबेहूब आपल्या घरासारखं. आज ते हौदात ठेवून पाणी सोडलं. जुन्या कॅमेऱ्यातली फीत भरधाव फिरवून चित्र घेतात, मग ती नेहमीच्या वेगाने दाखवली की पडद्यावर ते सावकाश बुडताना दिसेल. खरं तर पापणी लवायच्या आत गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझे हात उठले नाहीत.

नदी चढतेय म्हणे. "पाणी अंगणात आलं की निघेन," असं लिहितेस. तेवढा वेळ मिळत नसतो गं. पत्र मिळताच लेकीकडे जा.

रुसून गेलेला मुलगा परतला तर त्याला दाराला कुलूप दिसू नये म्हणून तू थांबलीयस, हे कळतं मला. पण आई तरी दिसायला हवी ना त्याला?

जिवाला घोर लागलेला,
तुझा म्हातारा