पायथ्याचा पेला

माय, काल मी तुझ्या तलावावर जाऊन आले. तुझ्या म्हणते खरं, पण आता तो ओळखू येत नाही. बांधावर फरशी बसवलीय, रंगीत दिवे लावलेत, बदकाच्या आकाराच्या होड्या आल्यात, आणि सकाळी सकाळी अर्धं शहर तिथं हात हलवत चालत असतं. पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीतल्या चार-पाचजणी रविवारी रिक्षा करून जातात, त्यांच्यासोबत मीही गेले. पिशवीत पाण्याची बाटली होती, गुडघ्याची गोळी होती आणि टॉवेलात गुंडाळलेला तुझा काचेचा पेला होता. पेल्याचं मी कुणाला सांगितलं नाही. म्हातारीला चळ लागला म्हणाल्या असत्या.

हा पेला म्हणजे आपल्या घरातली एकुलती एक काचेची वस्तू. दादा निजामाच्या अमदानीत तलावाचे चौकीदार झाले. पुढं पोलीस ॲक्शन झाली, सरकार बदललं, बाग झाली, होड्या आल्या, चौकीदार तेच राहिले. ते गेल्यावर बायको म्हणून ती जागा तुला मिळाली. चौकीदार म्हणून बाई बघितली की लोक तोंडावर हसायचे. हसेनात का! तू पदर खोचून बांधावर उगवलेली बाभळीची रोपं उपटत, घुशीची बिळं माती ठोकून बुजवत फिरायचीस, आणि सहलीला आलेला कुणी चूल मांडायला बांध उकरू लागला की तुझी जीभ अशी सुटायची की भले भले वकील सतरंजी गुंडाळायचे. रोज सकाळी बांधाच्या पायथ्याला, जिथून पाझर निघायचा तिथल्या चिखलात पोटरीपर्यंत उतरून तू हा पेला भरायचीस आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून ठेवायचीस. भाकरी थापता थापता तुझी नजर तिकडं. तासाभरानं तळाशी गाळ दिसला नाही, की "साफ हाय" म्हणून ते पाणी तुळशीला. एकदा वैजापूरचा मामा आला, उन्हाचा तापलेला, आणि खिडकीतला पेला उचलून घटाघटा पिऊन मोकळा झाला. "लई गोड पाणी हाय गं अक्का!" तू कपाळाला हात लावलास. "आता तुला तासभर बसवून बघावं लागंल," म्हणालीस, आणि आपण दोघी पोट धरून हसलो.

बांध गळतोय तर बुजवत का नाहीत, असं मी विचारलं होतं. तू चुलीतलं लाकूड मागं ओढलंस आणि म्हणालीस, "मातीचा बांध हाय, गळणारच. पाणी जाऊ द्यायचं, माती नाय जाऊ द्यायची. पाण्यासंगं माती निघाली, की समजायचं आतून पोखरतंय." मी जन्मभर शाळेत शिकवलं, माय, पण इतक्या थोडक्यात मला एकही धडा शिकवता आला नाही.

आता त्या दसऱ्याच्या सुटीचं सांगते. तुला ठाऊकच आहे, तरी माझ्या तोंडून ऐक. मी सातवीत. शाळेसाठी शहरात मावशीकडं राहायची, सुटीत तुझ्याकडं यायची. तलाव काठोकाठ भरलेला, होड्यांना माणसांची रांग, आणि तू हिवतापानं अंथरुणाला खिळलेली. दोन गोधड्या घालूनही दात वाजत होते. तशातही पहिलं काय बोललीस, तर "पेला आण पोरी." मी पेला घेऊन निघाले, दारापर्यंत गेले, आणि मागच्या अंगाला जाऊन रांजणातलं पाणी भरून आणलं. खिडकीत ठेवलं. तू कूस वळवून बघितलंस आणि "साफ हाय" म्हणालीस. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. रांजणातलं पाणी साफ नसेल तर काय असेल?

तिसऱ्या दिवशी मात्र खाली उतरले. पेला भरला आणि उजेडात धरला. दूध घातलेल्या चहासारखं पाणी होतं ते. पायथ्याशी जिथं नुसता ओलावा असायचा, तिथं मुठीएवढ्या भोकातून बुडबुड करत माती बाहेर येत होती. मी पळत आले आणि ओरडले. तू घोंगडी पांघरलीस, भिंतीला धरून उठलीस, आणि होडीवाल्या पोऱ्याला सायकलीवर ओव्हरसिअर साहेबांना आणायला पिटाळलंस.

साहेब जुन्या निजामी नोकरीतले, जरबेचे. भोक बघून त्यांचा चेहरा उतरला. तलाव भरलेला, आणि बांधाच्या खालच्या अंगाला अख्खी वस्ती, तीस-चाळीस घरं, दसऱ्याची पुरणं शिजत असलेली. होड्यांचा ठेकेदार मागं लागला होता, की आजच झालंय साहेब, वाळू टाकू, खडी टाकू, पाणी सोडायची मोरी कशाला उघडता, सगळा तलाव उतरेल, सणाचा धंदा बसेल. साहेब तुझ्याकडं वळले. "बाई, सच बोलो. ये आज का है, या पैले का?" सगळं त्यावरच होतं. आजचं असेल तर सावकाश निभलं असतं. तीन दिवसांचं असेल तर बांध आतून किती गेलाय याचा भरवसा नाही.

मी तुझ्या शेजारी उभी होते. सांगावं, सांगावं असं आत चाललेलं आणि तोंड काही उघडेना. तेव्हा तू माझ्या पायांकडं बघितलंस. गुडघ्यापर्यंत काळा चिखल माखलेला. बघतच राहिलीस क्षणभर. अंथरुणात पडलेल्या माणसाला आल्या-गेल्याचे पायच आधी दिसतात, नाही का? आधीचे दोन दिवस माझे पाय कोरडे होते.

"तीन दिसांचं धरा, सायेब," तू म्हणालीस. "दोन दिस मी तापात पडले होते. पायथ्याला कुणीच उतरलं नाय. गफलत माझी हाय."

मग साहेब जे काय बोलले! ठेकेदारासमोर, होडीवाल्यांसमोर, जमलेल्या सगळ्या सहलवाल्यांसमोर. "इतकी लापरवाई! गाँव के गाँव बह जाते!" तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. एरवी कुणाचं अर्धं वाक्य न खपवून घेणारी तू. मोरी उघडली, वस्तीतली माणसं गुरांसकट शाळेच्या माळावर नेली, भोकावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग दगड रचले, म्हणजे पाणी निघेल आणि माती आतच राहील. दोन दिवसांनी पाणी उतरलं तेव्हा बांधाच्या आतल्या बाजूला शेळीचं करडू शिरेल एवढं भगदाड दिसलं. साहेब ते बघून खालीच बसले. वस्ती वाचली. तुला मात्र मेमो मिळाला, आणि तो वाचून दाखवायला घरात मीच होते. प्रत्येक ओळ मी वाचली आणि तू "व्हय, व्हय" म्हणत भाकरी उलटत राहिलीस.

मी वाट बघत होते. आता मारशील, रात्री मारशील, मावशीला सांगशील. तू दुसऱ्या दिवशी सकाळी पेला विसळून माझ्या हातात दिलास. "जा. पाय भिजवून ये." बस्स. एवढंच. सुटी संपेपर्यंत रोज मलाच पाठवलंस, आणि एकदाही माझ्या पायांकडं बघितलं नाहीस. ज्या पोरीनं गाव बुडवायची वेळ आणली तिच्याच हाती पुन्हा पेला! तुझे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत, माय, पण ह्याच्या वर एकही नाही. वर्गात कुणी कॉपी करताना सापडलं, की मी दुसऱ्या दिवशी त्यालाच फळ्यावर गणित सोडवायला उभं करायची. सगळे म्हणायचे, बाई लई साध्या आहेत. त्यांना कुठं ठाऊक, मी कुणाचं बघून करत होते.

तुला वाटलं असेल, पोरगी खेळात रमली, आळस केला. तू विचारलं नाहीस आणि मी तोच समज राहू दिला. आज खरं सांगते. त्या दोन दिवसांत माझ्या वर्गातली एक मुलगी आईवडिलांसोबत तलावाकाठच्या डाकबंगल्यात उतरली होती. पायथ्याची वाट डाकबंगल्याच्या ओट्यासमोरून जायची. आणि मी शाळेत तिला सांगून ठेवलं होतं, की माझी आई मास्तरीण आहे. पेला घेऊन चिखलात उतरणारी पोर तिनं बघितली असती, तर तू कोण आहेस ते तिला कळलं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी गेली, म्हणून मी खाली उतरले. नसती गेली, तर चौथ्या दिवशीही रांजणाचंच पाणी आणलं असतं मी. हे तुझ्या शेवटच्या दुखण्यातही माझ्याच्यानं सांगवलं नाही. तुझी लाज वाटली होती मला. तुझी!

तर काल. बायका फोटो काढत होत्या, मी हळूच खाली उतरले. वेडी बाभूळ माजलीय, पाझराचं पाणी वाहून नेणारा चर प्लास्टिकनं तुंबलाय, खाली कुणी फिरकत नसावं. मी चप्पल काढली, चिखलात पाय घातले, पेला भरला आणि वर येऊन बाकावर तासभर ठेवून बघितला. साफ आहे, माय. चर तेवढा उपसायला हवा. तिथला इंजिनिअर पोरगा भला वाटला, त्याला गाठून सांगितलंय. करतो म्हणाला. नाही केलं तर पुन्हा जाईन, मला दुसरं काय काम आहे?

त्या तासाभरात एक फिरायला आलेली बाई माझे चिखलाचे पाय बघून थांबली. "काय बघताय आजी त्या पेल्यात? तुम्ही कोण इथल्या?"

"इथल्या चौकीदारबाईची मुलगी," मी म्हणाले.

हे पत्र पेल्यात गुंडाळी करून ठेवते, दुसरा तुझा पत्ता मला माहीत नाही. आणि रागावणार नसशील तर एक सांगू? तिला उत्तर देण्याआधी मी मान वळवून बघितलं होतं, आमच्या गल्लीतली कुणी जवळपास नाही ना.