हं म्हण

१२ नोव्हेंबर

ताई,

तुझ्या तापट भावाचा नमस्कार. आईचा गुडघा कुरकुरतो, आईही कुरकुरते. म्हणजे सगळं ठीक आहे. मी टायरच्या दुकानात रुळलोय.

तू विचारलंस, "ऑनलाइन वर्गातली माझी निम्मी मुलं गळाली, टिकवायची कशी?" चोरालाच कुलपाचं विचारतेस!

माझं सगळं बदललं ते कॅमेऱ्याच्या हुकमाच्या दिवशी. त्याआधी कॉलेजच्या ऑनलाइन वर्गात आमचे सर तास संपताना ठरलेल्या दोघादोघांच्या जोड्या वेगळ्या बोलायला सोडायचे. एकाने धडा समजावायचा, दुसऱ्याने ऐकायचा. चेहरा दाखवायची सक्ती नाही. माझ्या जोडीला एक मुलगी होती. तिच्यामागे सतत शिलाई मशीन चालायचं. मी गप्प झालो की म्हणायची, "झोपलास का रे ठोंब्या? हं म्हण."

मी हं म्हणायचो. संख्याशास्त्रासारखा रुक्ष विषय, पण एक तास बुडवला नाही.

मग वरून हुकूम आला: कॅमेरा बंद तो गैरहजर. तिच्या घरी एकच खोली. आई शिवतेय, बाबा अंथरुणाला खिळलेले. दाखवणार काय? तिची गैरहजेरी लागली आणि माझं डोकं फिरलं. भर वर्गात सरांवर ओरडलो, "तुम्हाला डोकी नकोत, तोंडं हवीत!" लॅपटॉप आपटला, कॉलेज सोडलं. तुम्हाला सांगितलं, तत्त्वासाठी.

तत्त्व कसलं, ताई. वाटलं, तीही सोडेल. निदान फोन करेल.

ती राहिली. कॅमेरा भिंतीकडे फिरवून बसली, आणि सरांनी तिला हजर धरलं. दुसरी जोडी मात्र घेतली नाही. दर आठवड्याला धडा बोलून मला पाठवते. शेवटी तेच, "हं म्हण." रागापोटी मी एकदाही उत्तर दिलं नाही. ऐकले मात्र सगळे, टायर काढता काढता.

कालच्या धड्यामागे मशीन नव्हतं. बाबा गेले, म्हणाली. तरी धडा पुरा केला. शेवटी 'हं म्हण' म्हणाली नाही.

मुलं कॅमेऱ्याने टिकत नाहीत गं. पलीकडे कुणीतरी आपल्यासाठी थांबलंय, एवढं कळावं लागतं.

सकाळी सरांना फोन केला. म्हणाले, "तुझी जागा कुणाला दिली नाही. चारच्या तासाला ये."

ती येईल का, माहीत नाही. आपटलेला लॅपटॉप अजून चालतो. घरात नेटवर्क नाही, गच्चीवर जातोय. आईचा डोळा लागलाय. दार ओढून घेतो, पहिल्यांदाच न आपटता.

तुझा,
ठोंब्या