तापातली चापट

आई, आज तुझी फार आठवण आली असं लिहिणार होते, पण ते तितकंसं खरं नाही. आधी तुझा राग आला, आठवण मागाहून आली. तुझी नात, जी तू बघितलीच नाहीस, तीन वर्षांची आहे आणि काल दुपारपासून तापाने फणफणली होती. रात्री दहाला उलट्या सुरू झाल्या. पहिली गादीवर, दुसरी माझ्या अंगावर, तिसरी बादलीत. त्या तिसरीचं मला इतकं कौतुक वाटलं की काय सांगू. आता दुपार आहे, ती झोपली आहे. मागच्या दारी सुपारीच्या झाडांना बांधलेल्या दोरीवर चार चादरी, दोन गोधड्या आणि माझे तीन गाऊन टाकलेत, आणि चौलच्या या दमट हवेत त्यातलं काही आज वाळेल असं वाटत नाही. दोनदा आंघोळ केली तरी केसांना आंबूस वास येतोच आहे. डोळे मिटले तरी झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले.

उलट्या सुरू झाल्याच तर काय करायचं, ते डॉक्टरांनी काल संध्याकाळीच सगळं नीट सांगितलं होतं. तापाचं औषध, उलटीचं औषध, आणि एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसची पुडी कालवून ते पाणी चमच्याचमच्याने. सकाळपर्यंत शू झाली नाही तर मात्र थेट अलिबागला न्या, सलाईन लावावं लागेल. नवरा कंपनीत रात्रपाळीला. त्यामुळे रात्रभर माझी भीती तापाची नव्हतीच, मी एका शूची वाट बघत होते. सारखा तिच्या खाली हात घालून बघायचा, तर कोरडं. ओठ सुकलेले, जीभ पांढरी. एक चमचा पाजायचा, घड्याळाकडे बघत पाच मिनिटं काढायची, मग दुसरा. ती ग्लासाकडे हात करून रडते, मी नाही म्हणते, आणि माझ्या तोंडून तुझा शाळेतला आवाज बाहेर पडतो. तोच, अख्खा वर्ग गप्प करणारा. तुझा राग आला तो इथे.

एक वाजता सासूबाई उठून आल्या. त्या माणगावकडच्या, जन्म भातशेतीत गेलेला, आणि मनाने फार चांगल्या, हे आधीच लिहून ठेवते. परवा लग्नात जो तो पोरीला उचलून घेत होता, कोणाची तरी दृष्ट लागली असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणाल्या, "नजर हाय, दुसरं काय न्हाय." तू असतीस तर चष्म्यावरून नुसतं बघितलं असतंस. मी म्हटलं, काढा बाई. इतकं दमल्यावर कोणी काहीतरी करतंय एवढंच पुरे होतं. मीठ, मोहरी, सात सुक्या मिरच्या तिच्यावरून उतरवून झाल्या. आता निखारे कुठून आणायचे? त्यांनी गॅसवर तवा तापवला आणि सगळं त्यावर ओतलं. डासांपायी दारं-खिडक्या बंद. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तर दृष्ट होती असं समजायचं, हे तर तुलाही माहीत आहे. ठसका असा लागला की आम्ही दोघी पदर-ओढणी तोंडाला लावून खोकत सुटलो. म्हणजे दृष्ट नव्हतीच, हे छान सिद्ध झालं. पण पोरीने खोकता खोकता नुकतंच पाजलेलं औषध आणि तासाभराचे सगळे चमचे घरातल्या शेवटच्या कोरड्या चादरीवर काढले.

आणि मी तिला चापट मारली. गालावर नाही, मांडीवर, पण मारली. सासूबाईंना मारता येत नव्हतं म्हणून तिला मारली, दुसरं काही कारण नाही. ती रडलीसुद्धा नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "आता नाही करणार." सासूबाईंनी फडक्याने तवा धरून मागच्या दारी नेऊन ठेवला, खिडक्या उघडल्या आणि फरशी पुसायला बसल्या. मी त्यांच्या हातातलं फडकं घ्यायला हवं होतं. तेही घेतलं नाही.

तू मला मारलंस तेव्हा मी सात वर्षांची होते. अशाच उलट्या, असाच ताप, आणि तू अशीच चमचा घेऊन बसलेली. तू जरा मोरीकडे गेलीस तेवढ्यात मी तांब्याभर पाणी गटागटा प्याले, आणि तू परत येईपर्यंत ते सगळं बाहेर. तू एक ठेवून दिलीस गालावर. ही गोष्ट मी पुढे वीस-बावीस वर्षं सांगत फिरले. मावश्यांत सांगितली, मैत्रिणींत सांगितली, रंगवून सांगितली. तुझ्या शाळेतल्या निरोप समारंभात मला दोन शब्द बोलायला उठवलं, तेव्हाही हीच. म्हटलं, बाई मुलांवर कधी हात उचलत नाहीत असं आत्ता सगळे म्हणाले, पण घरी येऊन बघा म्हणावं! अख्खा हॉल हसला. तूही हसलीस, हातातला नारळ सांभाळत. संध्याकाळी घरी तू विळीवर खोबरं खोवत होतीस. मान वर न करता तू विचारलंस, "तुला त्या रात्रीचं एवढंच आठवतं का गं?" मी म्हटलं, "हो, एवढंच. जोरात लागली होती." तू बरं म्हणालीस आणि दुसरी वाटी खोवायला घेतलीस. पुढच्या वर्षी तू गेलीस.

पहाटे साडेपाचला माझी मांडी ओली झाली. ऊन ऊन. मी हलले नाही, तिची शू पुरी होऊ दिली. मग सासूबाईंना हाक मारून सांगितलं, अहो, झाली. त्या देवापुढे दिवा लावायला गेल्या आणि मी तशीच ओल्या गाऊनमध्ये बसून पोटभर रडले. ताप उतरत होता, चमचे टिकत होते. आठ वाजता नवरा आला तेव्हा ती उशीला टेकून बसली होती आणि त्याला रात्रीची हकिगत सांगायला लागली. उलटी कुठे कुठे झाली, आजीने धूर कसा केला, सगळे कसे खोकले, खोकून दाखवलंसुद्धा. मी ओट्यापाशी पेज ढवळत उभी होते. पेज केव्हाच शिजली होती. आता सांगेल, आता सांगेल, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तीन वर्षांच्या पोरीला आई एवढी घाबरू शकते हे मला माहीत नव्हतं. तिने नाही सांगितलं. विसरली असेल. मला इतकं हायसं वाटलं, की त्याचीच लाज वाटली. आई, चारचौघांत मी बोलायला तोंड उघडलं की तू किती वर्षं अशी बघत बसली असशील गं.

हे तिच्या चित्रांच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलं आहे. ती उठायच्या आत पानं फाडून ठेवेन, पाठवायचं तर कुठेच नाही. पण त्या संध्याकाळी मी तुझ्याशी खोटं बोलले, ते लिहायचं राहिलं. चापट मारल्यावर तू मला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसलीस आणि उजाडेपर्यंत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलीस. मधेच तुला डुलकी लागायची, हात थांबायचा, मग दचकून पुन्हा फिरायला लागायचा. मला ते आठवत होतं. समारंभात बोलतानाही आठवत होतं. सांगितलं नाही, कारण त्यावर कोणी हसलं नसतं.