सोळा ट्रान्झिस्टर आणि बाबांचा उजवा कान

३ जून
बाबांना सकाळपासून उजव्या कानाने कमी ऐकू येतंय. हिचं म्हणणं, आजच डॉक्टरांकडे न्या. ताईने तिकडून फोन करून उद्याची अपॉइंटमेंटसुद्धा घेऊन टाकली. दवाखान्यातली बाई म्हणे तिला म्हणाली, असं अचानक झालं असेल तर थांबू नका. दवाखान्यातली बाई दुसरं काय म्हणणार? इथे उभं आयुष्य ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात गेलं आणि घरच्या कानासाठी परक्याच्या दारात? काखेत कळसा नि गावाला वळसा. अपॉइंटमेंट रद्द केली. रविवारपर्यंत यंत्र तयार.

७ जून, रविवार
यंत्र तयार! माइक, ॲम्प्लिफायर, बॅटरी, सगळं साबणाच्या डबीत. बाबांच्या उजव्या बाजूला बसून विचारलं, कसं वाटतंय? म्हणाले, सूंऽऽ असं येतंय. बोलणं कळतंय का, तर म्हणाले, सूं जास्त आहे.
निदान पक्कं. पहिल्या ट्रान्झिस्टरची कुरकुर. तीच पुढे मोठी होऊन कानात जाते. आता औषध सोपं.

८ जून
हिला औषध समजावलं. एकाच्या जागी चार ट्रान्झिस्टर शेजारी शेजारी जोडायचे. काम एकाचंच, तीन जादा. बोलणं चौघांना एकच मिळतं, म्हणून ते बेरजेने वाढतं. कुरकुर मात्र ज्याची त्याची वेगळी, म्हणून ती आपापसात बरीचशी मिटते. चारांनी निम्मी, सोळांनी पाव. शिवाय एखादा मेला तर बाकीचे आहेतच.
ही म्हणाली, आणि बाबांना जादा कान आहे का? विषयाचा गंध नाही.
ही आणि ताई, दोघींची कुरकुर मात्र एकाच सुरात असते. ती बेरजेनेच वाढते.

१३ जून
चार जोडले. मोजायला यंत्र नाही, म्हणून बाबांना दहापैकी मार्क द्यायला सांगितलं. आधीच्या सूंला आठ दिले होते. त्यांना गोंधळ नको म्हणून आधीच सांगून ठेवलं की थिअरीप्रमाणे आता चार यायला हवेत. बाबांनी माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि म्हणाले, चारच.
थिअरी आणि बाबा, दोघेही खरे उतरले. फार आनंद झाला.

१७ जून
बाबा जेवताना भलत्याच ठिकाणी हसतात. बोलणं अजून कळत नाही म्हणतात. साहजिक आहे, कुरकुर अजून चार आहे. सोळाला पर्याय नाही.
ताईने पुन्हा अपॉइंटमेंट घेतली. पुन्हा रद्द केली. अर्धवट कामात तिसऱ्याने हात घालू नये.

२१ जून
बाबा रस्ता ओलांडत होते. उजवीकडून स्कूटर आली, ती त्यांना ऐकूच गेली नाही. भाजीवाल्याने दंडाला धरून मागे ओढलं म्हणून वाचले. हल्लीचे हॉर्न अगदीच मिळमिळीत. मला जेवण गेलं नाही, पण ते उन्हामुळे.

२६ जून
सोळा बसले! डबी पुरेना, डब्बा घेतला. बॅटऱ्याही मोठ्या लागल्या. बाबांच्या गळ्यात पट्ट्याने अडकवला. मान दुखते म्हणाले. सवय होईल. सूंला किती मार्क, विचारलं. त्यांनीच उलट विचारलं, किती यायला हवेत? मी म्हणालो, दोन. म्हणाले, दोन.
मी जिंकलो.

२७ जून
एक किरकोळ गोष्ट. आज डब्बा उघडला तर बॅटरीची वायर जोडलेलीच नव्हती. कालपासून. म्हणजे कालचे दोन मार्क बंद यंत्राचे. घराच्या वायरिंगमधून काहीतरी येत असणार. बघावं लागेल.
वायर जोडली, डब्बा बंद केला. हिला सांगितलं नाही.

१ जुलै
ताई स्वतःच आली. बॅग दारात ठेवली, बाबांना चपला घालायला लावल्या आणि निघाली. मला म्हणाली, यायचं तर ये. डब्बा बरोबर घेतला, डॉक्टरांना दाखवायला.
डॉक्टरांनी डब्बा बाजूला ठेवला. तपासण्या केल्या. म्हणाले, सूं यंत्रातून येत नाही, आतून येते, कानाच्या नसेतून. पहिल्या आठवड्यात आला असतात तर औषधाने ऐकणं परत यायची बरीच आशा होती. आता उजवा कान गेल्यात जमा. डावा चांगला आहे, त्याला जपा.
ताईने डॉक्टरांचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.
रिक्षात बाबा म्हणाले, यंत्र नसतानाही सूं असायचीच रे. पण तू इतका खपत होतास, कसं सांगायचं? मार्क देताना तुझं तोंड बघायचो, त्यावरून कळायचं किती हवेत ते.

२ जुलै
सोळाही ट्रान्झिस्टर तपासले. एकही बिघडलेला नाही.
संध्याकाळी बाबांशेजारी जाऊन बसलो. सगळं बोललो. ताईची अपॉइंटमेंट दोनदा मी रद्द केली, वायर सुटलेली मला माहीत होती, आणि चुकलो म्हणालो. आवाज हळू ठेवला, हिला ऐकू जायला नको. बाबा समोर बघत बसले होते. मग ध्यानात आलं, रोजच्या सवयीने मी उजव्या बाजूला बसलो होतो.
उठून डाव्या बाजूला गेलो. बाबांनी विचारलं, काही म्हणत होतास का?
चहा घेणार का, म्हणून विचारलं.