लॉक आवळल्यावरचं शून्य

प्रिय दादा,

तुझी लेक सुखरूप पोचली. बॅग छोटी आणि तिच्या हातून पाठवलेली तुझी चिठ्ठी लांबलचक. हात थरथरायला लागल्यापासून वर्कशॉपला टाळं आहे, पोरीला सहा महिने तुझ्या हाताखाली घे, मिलिंग मशीनवर तयार कर आणि परत पाठव, म्हणजे मशीन पुन्हा चालू होईल, असं लिहिलंयस. शिवाय खाली रेघ मारलेलं एक वाक्य: ‘तिचाही हात जड आहे, तुझ्यासारखाच, तेव्हा सांभाळून घे.’ परत पाठवायचं काय ते शेवटी सांगते. आधी माझं ऐकून घे. ऐकायची तुला सवय नाही, पण पत्राला मधेच गप्प करता येत नाही.

वहिनीला सांग, पोरगी नीट जेवते आहे. मागची खोली तिला दिली आहे. सकाळी माझ्याआधी उठते, माझ्या चपला दारात सरळ लावून ठेवते आणि काही विचारायचं असलं की आधी दोनदा खाकरते. ही भीती कुठून आली ते मला विचारावं लागलं नाही. मीही त्याच घरात वाढले आहे.

बाबांनी तुला मशीन शिकवली आणि तुला सांगितलं, धाकटीला तू शिकव. तू शिकवलंस, नाही म्हणत नाही. जॉबवर, म्हणजे कापायच्या लोखंडी तुकड्यावर, पातळ कागदाचा कपटा ठेवायचा, वरचा कटर फिरवत टेबल हळूहळू वर घ्यायचं, कागद बोटाखालून ओढला गेला की थांबायचं. तिथे डायलवर शून्य. मग हवी तेवढी उंची चढवायची, टेबल हलू नये म्हणून त्याचा लॉक आवळायचा आणि कापायचं. मी अगदी तसंच करायची, श्वास रोखून. आणि माझा जॉब दर वेळी केसभर जास्त कापला जायचा. कमी कापलं तर पुन्हा कापता येतं. जास्त कापलं की भंगार. बाबा मायक्रोमीटर लावायचे, मला एक शब्द बोलायचे नाहीत आणि तो तुकडा खिडकीत मांडून ठेवायचे. आल्यागेल्याने विचारलं की सांगायचे, पोरीची कारागिरी आहे, हात जड आहे तिचा. सगळे हसायचे. तू सगळ्यांत शेवटी हसायचास, हळूच, समजूतदारपणे. पुढे मशीन तुझी झाली आणि मला कोपऱ्यात बसवलं, तुझ्या जॉबच्या कडा कानशीने घासायला.

घर सोडून इथल्या कारखान्यात लागले तेव्हा फोरमनने पहिल्याच दिवशी माझा जॉब मोजला. लॉक आवळल्यावर पुन्हा कागद लावून पाहिलास का, म्हणून विचारलं. मी विचारलं, ते कशाला? त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. लॉक आवळला की टेबल केसभर वर सरकतं, दादा. कापताना लॉक आवळलेला असतो, म्हणून शून्यही लॉक आवळूनच घ्यायचं. घासून झिजलेल्या मशीनवर तर हमखास, आणि आपली मशीन बाबांच्याही आधीची होती. फोरमन म्हणाला, हे तर झाडलोट करणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्या क्षणी मला तुझी पाठ आठवली. तू शून्य घेताना नेहमी माझ्याकडे पाठ करून उभा राहायचास, खांदे पसरून. मला वाटायचं, मोठ्या कारागिराची ऐट असेल.

बाबांच्या शेवटच्या आजारात मी हे सांगायलाच आले होते. तू त्यांच्या उशाशी ठाण मांडून बसलास, पाणी प्यायलासुद्धा उठला नाहीस. लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा. मी बाबांचे पाय चेपत होते. ते म्हणाले, हळू, तुझा हात जड आहे. मी तुझ्याकडे पाहिलं आणि तू चादरीची सुरकुती सरळ करायला लागलास. मी मूग गिळून इथे परतले. तू जिंकलास तो दिवस.

काल तुझ्या लेकीला मशीनवर उभं केलं. तू शिकवलंस तसा कपटा ठेवला, टेबल वर घेतलं, शून्य केलं, उंची चढवली, लॉक आवळला. मला दिसत होतं. थांबवू शकले असते, थांबवलं नाही. सगळं कापू दिलं. मोजायच्या आधीच तिने मान खाली घातली आणि म्हणाली, “माझा हात जड आहे, आत्या.” मी तिला फोरमनचं ते लॉकविषयीचं एक वाक्य सांगितलं. तिने दुसरा जॉब लावला, लॉक आवळून शून्य घेतलं आणि तो चोख निघाला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “माझ्या बाबांना हे माहीत नसेल ना?” मी विचारलं, शून्य घेताना ते उभे कसे राहायचे? दुसरा जॉब उचलून घेत ती म्हणाली, “पाठ करून.”

माझं मी सोसलं. आपण दोघं एका मशीनचे वाटेकरी होतो. पण ही तुझी पोटची पोर. हात गेले, वर्कशॉप बुडालं, तरी लॉकचं ते वाक्य तुझ्या तोंडून निघेना. निघालं असतं तर तिने विचारलं असतं, आजवर का नाही सांगितलंत? तेवढं टाळायला तू तिला माझ्याकडे धाडलंस. तुला वाटलं, मी लॉकचं सांगेन आणि तुझ्याविषयी गप्प बसेन, कारण मी नेहमीच गप्प बसले. इथे तुझा हिशेब चुकला. तिने सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं, खिडकीसकट. सांगताना मला बरं वाटलं. लाज मुळीच वाटली नाही. ती परत येणार नाही. सहा महिन्यांनीही नाही. हे मी ठरवलेलं नाही. मी फक्त विचारलं, तिने मान हलवली आणि हे पत्र लिही म्हणाली. तिला स्वतःला तुला लिहायचं नाही. सोबत तिचा काल बिघडलेला जॉब पाठवते आहे. तो खिडकीत ठेव, माझ्या तुकड्यांशेजारी. चोख निघालेला तिने तुझ्यासाठी द्यायला नकार दिला.

तुझीच,
धाकटी